विहिणींचा तह

"घ्या हो वासंतीताई, अजून एक घ्या. तुमच्या भाजणीची चवच न्यारी!" असं म्हणत सुरेखाबाईंनी विहिणीच्या ताटात गरम थालीपीठ वाढलं, आणि तव्यापाशी उभ्या असलेल्या सुमेधाने चमकून मागे वळून पाहिलं.

सासू आणि आई एकमेकींचं कौतुक करतायत? आणि तेही मनापासून? सुमेधाच्या लग्नात विहिणीच्या पंगतीत ऐन वेळी मठ्ठा संपला, वरमाई सुरेखाबाईंची वाटी कोरडी राहिली, तेव्हापासून या दोघींचं कधी म्हणून जमलं नव्हतं. या उन्हाळ्यात दोघी एकाच विमानाने हॉलंडमधल्या उइटहॉर्नला आल्या, तरी भाजणीच्या पिशव्या दोन आल्या. आणि आज हे! नक्कीच काहीतरी शिजलं होतं.

"सुमेधा, तवा राहू दे, बस जरा," सुरेखाबाई म्हणाल्या. "जयेशला पुण्याचं ऑफिस बोलावतंय. एवढी मोठी पोस्ट देतायत. आता सगळे परत चला. त्या शाळेला नाही म्हणून कळवून टाक."

"अगदी बरोबर बोलतायत त्या," वासंतीबाईंनी लगेच री ओढली. "शाळा काय, पुण्यात कमी आहेत का? तिकडे शिकव की."

शिकव म्हणे! नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली, तेव्हा सुमेधाला पाववाल्याशी हो आणि नको यापलीकडे बोलता येत नव्हतं. मग डच शिकली, परीक्षा दिल्या, विशीतल्या पोरापोरींबरोबर पुन्हा कॉलेजच्या बाकावर बसली. सुट्टी संपून उद्या शाळा उघडणार होती, आणि सकाळी इतिहासाचा पहिला तास तिचा होता. तिचा स्वतःचा. तो सोडायचा, आणि तोही थालीपीठ खाता खाता! तिला भयंकर राग आला.

जयेश खाली मान घालून लोणी पसरत होता.

"तू काय म्हणतोस?" तिने त्याला विचारलं.

"तुम्ही तिघी मिळून काय ते ठरवा. मला दोन्ही चालेल."

सुमेधाने शेगडी बंद केली. मठ्ठ्याचा नुसता विषय काढला असता, तर विहिणींचा हा तह आत्ताच्या आत्ता मोडला असता. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण तिने ते गिळले. दोघींना भांडायला लावून सुटायचं नव्हतं तिला. जे सांगायचं ते तोंडावर सांगायचं होतं.

"मी उद्या शाळेत जाणार," ती म्हणाली. "परवाही जाणार. जयेशला पुण्याला जायचं असेल तर त्याने खुशाल जावं. मी इथे राहणार."

"अगं, काय बोलतेस हे!" वासंतीबाई कळवळल्या. "आम्ही दोघी कधी नव्हे ते एका तोंडाने सांगतोय. त्याचा तरी मान ठेव."

सुमेधाला हसूच आलं.

"माई, उद्या वर्गात मी हेच शिकवणार आहे." तिने लोणच्याची बरणी पुढे ओढली. "हा ऑस्ट्रिया. हा तुपाचा डबा म्हणजे फ्रान्स. पिढ्यान् पिढ्या एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आणि सतराशे छप्पन साली एकदम गळ्यात गळे! कारण दोघांनाही याची खोड मोडायची होती." तिने मिठाची वाटी दोघांच्या मधोमध ठेवली. "हा प्रशिया. बघा, केवढासा."

"मग मोडली असेल खोड," सुरेखाबाई म्हणाल्या.

"नाही मोडली, आई. सात वर्षं चहूबाजूंनी तुटून पडले त्याच्यावर. शेवटी तह झाला, तेव्हा याची इंचभरसुद्धा जमीन गेली नव्हती."

सुरेखाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी मुलाकडे मोर्चा वळवला. "अरे जयेश, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयस? बोल की काहीतरी!"

"मला कशाला मध्ये ओढतेस, आई? मी कुणाच्याच बाजूने नाही."

सुमेधाने एक रिकामी वाटी उचलली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"आणि हे हॉलंड. यानेही तेव्हा हेच सांगितलं होतं. आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, आमचा व्यापार सगळ्यांशी."

"शहाणपणा केला," जयेशला जरा हुरूप आला.

"केला ना. मग प्रशियाच्या बाजूने लढणाऱ्या इंग्रजांनी भर समुद्रात याची जहाजं पकडून नेली, मालासकट."

"अशी कशी नेली? हा तर कुणाच्या अध्यात ना मध्यात."

सुमेधाने हात लांब करून त्याच्या ताटातलं थालीपीठ उचललं.

"अशी," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर उभी राहून, त्याने पसरलेल्या लोण्यासकट ते खाऊ लागली.