गडावरचा बाळासो

“जखम धुतली का त्याची?” बाळासोनं छताकडं तोंड करूनच विचारलं.

“धुतली,” नागसेन म्हणाला.

धुतली नव्हती. स्क्रीनवर गडाच्या दवाखान्यात तो शिपाई तसाच पडून होता. मांडीचं हाड मोडलेलं, जखम उघडी, आणि वैद्य त्याला सोडून जेवायला निघून गेलेला.

“आणि टाके?”

“घातले की. निवांत झोपलाय आता.”

“भले!” बाळासो हसला.

नागसेन हसला नाही. बाळासोच्या तोंडाकडं त्याला बघवायचंच नाही. जे काही बोलायचं ते तो स्क्रीनकडं बघून बोलायचा.

दोघं मित्र बिद्रीहून येताना मोटरसायकल नागसेन चालवत होता. वळणावर वाळू होती, गाडी घसरली. नागसेनचं नुसतं कोपर सोलपटलं. मागं बसलेला बाळासो मात्र लांब फेकला गेला आणि डोक्यावर आपटला. मांडी मोडली, मानेच्या मणक्याला चीर गेली. दवाखान्यातून राजारामपुरीतल्या घरी आणलं तेव्हा पाय प्लास्टरात होता आणि मानेला कडक पट्टा. मान तसूभर वळवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेव्हापासून नागसेनचं कॉलेज सुटल्यात जमा होतं. ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा. एकदा तो न सांगता घरातून गेला आणि रंकाळा तळ्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलेला सापडला. मग त्याच्या आईनं, मीनाबाईनं, त्याला एकटं सोडायचंच बंद केलं. ती स्वतः त्याला बाळासोच्या दारापर्यंत आणायची. बाळासोची थोरली बहीण आक्का दारात यायची, दोघी हळू आवाजात काहीतरी बोलायच्या, मग आक्का पदरानं डोळे पुसून हाक मारायची, “ये रं नागसेन. सकाळधरनं तुझीच वाट बघतोय त्यो.”

गडाचा खेळ बाळासोचाच. नेट कॅफेतून सीडीवर आणलेला. गड बांधायचा, माणसं वसवायची आणि ती जगवायची. एका शिपायाला त्यानं स्वतःचं नाव दिलं होतं. आता मान वळत नाही म्हणून त्यानं नागसेनला खुर्चीत बसवलं होतं. “तू खेळ, आणि काय चाललंय ते मला सांगत जा.”

आणि नागसेन खेळत असतानाच गडावर राक्षसांनी हल्ला केला. बाकीचे वाचले. बाळासो नावाच्या शिपायाची मांडी मोडली.

नागसेन तिथंच ढसाढसा रडला होता.

“रडतोस काय?” बाळासो पलंगावरून म्हणाला होता. “मेला न्हाय की अजून. जगवायचा त्याला. मी सांगतो तसं करत जा.”

त्या खेळात जखम आपोआप भरत नसे. कुणीतरी जखमीला उचलून खाटेवर आणायचं, कुणीतरी पाणी पाजायचं. वैद्यानं तपासायचं, साबणानं धुवायचं, टाके घालायचे, हाड बसवून फळी बांधायची. एक गोष्ट राहिली की जखम चिघळली. आणि खेळणाऱ्याच्या हाती फक्त हुकूम सोडणं. गडावरची माणसं आपल्या मर्जीनं वागायची. मागं फिरायची सोय नव्हती. मेला तो मेला.

साबण संपला होता. विहीर गढूळली होती. शिपायाचं नाव लालभडक झालं होतं. बरा झाला तरच ते हिरवं होणार होतं. नागसेन रोज खोटं सांगत होता. आज ताप उतरला. आज हाड बसलं. आज उठून बसला. मनात त्यानं एकच गाठ मारली होती: तो चालला तर हा चालेल. हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“उद्या मानेचा पट्टा निघणार हाय,” आक्कानं चहा ठेवत सांगितलं.

“म्हणजे उद्या मीच बघतो की माझ्या गड्याला!” बाळासो म्हणाला.

नागसेननं चहाला हातच लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बाळासोला घेऊन आक्का आणि आबा, त्याचे वडील, दवाखान्यात गेले. नागसेन कॉम्प्युटरसमोर बसला. मीनाबाई बाहेर पायरीवर बसून राहिली.

चरबी वितळवून, राख मिसळून त्यानं गडावर साबण करायला लावला. वैद्याची बाकीची सगळी कामं काढून घेतली. दुसरी विहीर खणली, पाणी नितळ लागलं. वैद्य एकदाचा खाटेपाशी आला.

“धू,” नागसेन पुटपुटला. “धू की रं. पाया पडतो तुझ्या.”

वैद्यानं जखम धुतली. एक टाका घातला. दुसरा घालता घालता खाली एक ओळ उमटली. बाळासो नावाचा शिपाई मरण पावला होता.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. त्यानं घाईनं मॉनिटरचं बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. टेबलाखाली सीपीयूचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

आबा आणि आक्का दोन्ही बाजूंनी धरून बाळासोला आत घेऊन आले. गळा मोकळा होता.

“मला कॉम्प्युटरम्होरं बशिवा,” तो म्हणाला.

आबांनी त्याला सावकाश खुर्चीत टेकवलं. नागसेन बाजूला उभा राहिला.

“बाळासो, तुला एक सांगायचंय. मी रोज तुला...”

“मागनं सांग. आधी बघू तर दे.”

नागसेनचा हात बटणापर्यंत गेला. पण दाबायचा धीर होईना. हात तसाच मागं आला.

बाळासोनं चाचपडत टेबलाची कड शोधली आणि पंख्याची घरघर ऐकत पुढं वाकला. काळ्याकुट्ट स्क्रीनला नाक टेकेल इतका जवळ गेला. आक्कानं तोंडात पदर कोंबला. हळूहळू बाळासोच्या तोंडावर हसू पसरलं.

“पार हिरवा झालाय की रं! आणि चालतोय बघ कसा... म्या म्हटलं न्हवतं, तुझ्या हातनं कुणी मरत नसतंय म्हणून?”