शेळ्यांचा श्वास

नारळ दगडावर आपटणार, तोच शेळ्यांच्या कोठ्यातून खोकला ऐकू आला.

शरणबसप्पांचा हात वरच राहिला. गाडीत बसलेल्या शांताक्कानं पदर तोंडाला लावला. बैल आधीपासूनच उभे होते.

खोकला ओला होता. खोलवरून येत होता.

मग कोठ्याच्या दारातून मल्लिनाथ वाकून बाहेर आला. धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती.

"मी नव्हे," तो म्हणाला.

नारळ फुटला.

(इथं थोडं मागं जावं लागेल.)

सास्तूरच्या पेठेत मल्लिनाथ आणि त्याचे थोरले भाऊ शरणबसप्पा यांचं भुसार दुकान होतं. मल्लिनाथला क्षय झाला. तो गादीवर बसून खोकला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. भावांनी त्याला सोलापूरला, इंग्रजांच्या हद्दीत नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, उजेडाकडे धरून बघितला आणि आराम करा म्हणून सांगितलं. मोगलाईत, निजामाच्या राज्यात, परतल्यावर वैद्य स्वामींनी नाडी धरली. फोटो बघितला नाही. शेळ्यांत झोपा, म्हणाले. शेळीचा श्वास क्षय ओढून घेतो.

म्हणून गावाबाहेर शेळ्या पाळणाऱ्या धुळाप्पाच्या कोठ्यात मल्लिनाथची बाज पडली.

कोठ्याला एक झरोका होता. शेळ्यांचा श्वास वाया जाऊ नये म्हणून स्वामींनी तो शेणमातीनं बुजवायला सांगितला. धुळाप्पानं बुजवला. तो आणि त्याची बायको मथुराबाई त्याच कोठ्यात, चुलीच्या अंगाला झोपत. त्यांना चालेल का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दुकानातून त्यांना जोंधळा येत होता.

आजारी माणसाला काम नसतं असं लोकांना वाटतं.

दूध पिणं. सगळ्या शेळ्यांचं दूध मल्लिनाथच्या तांब्यात पडायचं. झोपणं. राखेच्या गाडग्यात थुंकणं. गाडगं मथुराबाई ओतून यायची आणि नवी राख भरून ठेवायची. अंगात ताप चढायची वाट बघणं. उतरायची वाट बघणं. थुंकीत लाल आहे का ते बघणं, आणि असलं तर बघितलं नाही असं स्वतःला सांगणं.

सोमवारी त्याची बायको शांताक्का यायची. लांब लिंबाखाली उभी राहून मोठ्यानं बोलायची. चन्नम्मा रांगते. चन्नम्मा चालते. चन्नम्मा बाप म्हणून शेजारच्याला हाक मारते. मल्लिनाथनं पोरीला शेवटचं उचललं तेव्हा तिला मान धरता येत नव्हती.

पहिल्या हिवाळ्यात त्याला शेळ्यांचा वास सहन होईना. दुसऱ्यात तो वास त्याचाच झाला. पुढं रक्त थांबलं, ताप थांबला, बरगड्यांवर मांस आलं. स्वामी येऊन नाडी धरून गेले. घरी जा, म्हणाले, पोरीला उचला.

(आता पुन्हा गाडीपाशी.)

खोबरं वाटून झालं. शरणबसप्पांनी विचारलं, मग आत खोकतंय कोण. मथुराबाई, मल्लिनाथ म्हणाला. पावसाळ्यापासून धरलंय तिला. रक्त पडतं का, भावांनी विचारलं. पडतं कधीमधी. भाऊ म्हणाले, ऊन व्हायच्या आत निघू.

मल्लिनाथ गाडीत चढला. शांताक्का सवयीनं बाजूला सरकली. मग परत जवळ आली.

धुळाप्पा चाकाशी येऊन उभा राहिला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. स्वामींकडं जायला जमलं नाही, तो म्हणाला, आणि गेलो तरी आमच्यासारख्याची नाडी ते कशाला धरतील. तुमी तर सगळं केलंय. तुमीच सांगा.

मल्लिनाथला बरं वाटलं. इतकी वर्षं त्यानं काय करायचं ते सगळ्यांनी सांगितलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारत होतं. तो गाडीच्या कडेवर रेलून नीट समजावू लागला. दूध पाज. धुळाप्पा म्हणाला, आता उरंल, आता पाजतो. काम करू देऊ नको. धुळाप्पानं शेळ्यांकडे बघितलं आणि बघू म्हणाला. झरोका उघडू नको. न्हाय उघडत.

"आणि मुख्य औषध एकच," मल्लिनाथ म्हणाला. "तिला शेळ्यांत झोपव. माझ्याकडं बघ की."

धुळाप्पानं त्याच्याकडं बघितलं.

"शेळ्यांतच झोपतीया की, आप्पा. जल्मल्यापासून."