यकृतातले ठिपके

रक्ताच्या कॅन्सरची केमो संपली, तरी सेफिनाचा ताप काही उतरेना. ऑकलंडच्या हॉस्पिटलात तिच्या पोटाची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा झाली आणि दर वेळी एकच उत्तर आलं : यकृत एकदम स्वच्छ.

तिची आई लोसा सामोआहून धावत आली होती. लेकीने आवडीचा कोको घातलेला गोड भातही परत सारला, तसा तिचा पारा चढला. "स्वच्छ, स्वच्छ! मग पोर काय हौसेने फणफणतेय?"

"आई, मशीनशी भांडू नकोस गं," सेफिना उशीतूनच पुटपुटली. "इथे मला चांगलं म्हणणारं तेच एक आहे."

आज मात्र डॉक्टर हॅरिएट पडद्यावर बोट ठेवून थांबल्या. यकृतभर बारीक काळे ठिपके दिसत होते. "बुरशीचे फोड आहेत," त्या म्हणाल्या. "औषध बरेच महिने चालेल."

"आत्ता दिसले?" लोसा कडाडली. "इतके दिवस तुमचे डोळे काय गहाण पडले होते? आणि माझ्या लेकीच्या यकृताची चाळण झालीय, न् तुम्ही हसताय काय, डॉक्टरबाई?"



डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. "आई, बुरशी आधीपासूनच होती, पण तिला घेरून फोड धरायला केमोमुळे सेफिनाच्या रक्तात पांढऱ्या पेशीच उरल्या नव्हत्या. आज फोड दिसले, म्हणजे तुमच्या लेकीचं रक्त पुन्हा लढायला उठलंय."