भरून ठेवलेलं गाणं

जुन्या लॅपटॉपमधल्या त्या हार्ड डिस्कचा कनेक्टर इतका वेगळा होता, की औरंगपुऱ्यातल्या एकाही दुकानात त्याची केबल मिळाली नाही. बाहेरून मागवलेली केबल आली, तेव्हा मृण्मयीनं, तो लॅपटॉप तिच्याकडे आणून देणाऱ्या वच्छलाबाईंना आपल्या दुरुस्तीच्या दुकानात बोलावलं. सोबत त्यांचा मुलगा रामहरी आला आणि मागच्या बाकावर गप्प बसला.

"दुष्काळाच्या साली ह्यानं गाणं भरलं होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्यानंतर कधी गायलाच नाय. तेवढं ऐकायचंय."

एकच फाईल निघाली. मृण्मयीनं ती लावली.

रामहरीचा मोकळा आवाज दुकानात भरला. वच्छलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात गाण्यामागून, लांबून, बाईची हाक आली. "रामहरी, ये लवकर! हिरीला पाणी लागलंय!"

"आलो, माय!" गाणं थांबलं. पावलं दूर गेली.

वच्छलाबाईंचा पदर खाली आला. "ताई, आवाज माझाच हाय. पण त्या दिवशी मी गंगापूरच्या बाजारात होते. अन् हिरीला पाणी कधी लागलंच नाय. पुढं ती बुजवून तिथं प्लॉट पाडले."

रेकॉर्डिंग चालूच होतं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पावलं सावकाश परत आली आणि माइकच्या अगदी जवळ कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "आलो, माय."

पुन्हा म्हणालं. मग पुन्हा. दर वेळी आवाज थोडा थोडा रामहरीसारखा होत गेला. सातव्या वेळी हुबेहूब जमला.

दोघींपैकी कुणीच मागं वळून पाहिलं नाही.

बाक करकरला.

"माय," मागून आवाज आला, "चल घरी."