ओट्यावरचं ताट

लग्नाची पंगत आत चौकात बसली. डॉक्टर इंदरमल बाहेर ओट्यावर बसले. घरून आणलेलं ताट त्यांनी स्वतःच पुसून घेतलं. विलायतेत शिकताना परक्यांच्या हातचं जेवले म्हणून जातीनं त्यांना पंगतीबाहेर काढलं, त्याला पंचवीस वर्षं झाली होती.

लेक प्यारीबाई वाढायला आली, तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. तो सुगनचंदकाकांचा होता. नंदुरबारला त्यांची मिरचीची वखार होती आणि जातीचे पंचही तेच. जेवता जेवता त्यांनी कोटाच्या खिशातून इंदरमलकडून वर्षानुवर्षं घेत आलेल्या औषधाची बाटली काढली आणि एक घोट घेतला.

"औषध तेवढं चालतं," प्यारीबाई म्हणाली.

"हळू बोल," इंदरमल हसले. "त्यात माझ्याच माठातलं पाणी आहे. सांगू नकोस, बिचाऱ्याचा खोकला परत येईल."

मग ते जेवता जेवता विलायतेचं बोलले. तिथंही चार वर्षं असेच, स्वस्तातल्या खानावळीत, भिंतीकडे तोंड करून. पाव आणि उकडलेले वाटाणे. आईला शब्द दिला होता, बाकी कशाला हात लावला नाही. "पण तिथली वाढणारी बाई रोज विचारायची, आणखी काही हवं का."

प्यारीबाईनं आत पाहिलं. पंगतीत तिचे सासरे होते. काही न विचारता ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदरमल दवाखान्यात खुर्चीतच गेले.

बाराव्याला पंचांनी निवाडा दिला. माणूस गेला, त्याच्याबरोबर दोषही गेला. ज्या घरात पंचवीस वर्षं कुणी पाणी घेतलं नव्हतं, तिथं सगळी जात लाडू खायला बसली. प्यारीबाईचा भाऊ हात जोडून उभा होता.

प्यारीबाईनं वडिलांचं ताट आणलं, सुगनचंदांपुढे ठेवलं आणि त्यात वाढलं. पंगतीतले हात थांबले.

"हे ताट कशाला, बेटा?" सुगनचंद समजुतीनं म्हणाले. "इंदरमल आता आपल्यातलाच."

बोलता बोलता त्यांना उबळ आली. हात खिशाकडे गेला. बाटली निघाली.

सासऱ्यांसमोर प्यारीबाईनं आजवर आवाज काढला नव्हता. तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला.

"काका, त्या बाटलीतलं पाणी बापूजींच्या माठातलं आहे. पंचवीस वर्षं तुम्ही तेच पीत आलात. आता जेवा. आणि आणखी काही हवं असलं तर सांगा."