उचलायचं कोणी?

ग्वातेमालातल्या आमच्या गावच्या जत्रेला स्तनांचा कॅन्सर तपासणारी गाडी आली. गाडीवर रंगवलं होतं, ‘एकही बाई तपासणीवाचून राहणार नाही.’ गाडीला चार पायऱ्या, आणि खाली चाकांच्या खुर्चीत दोमितिलामावशी.

“उचललं असतं हो मावशी, पण आमच्या कमरा कामातून गेल्यात,” डॉक्टर म्हणाले. ड्रायव्हरने लगेच कंबर धरली.

तेवढ्यात मारियामातेची भलीथोरली लाकडी मूर्ती मिरवणुकीतून आली. दोघांच्याही कमरा जागच्या जागी बऱ्या झाल्या. धावत जाऊन त्यांनी खांदा दिला आणि चर्चच्या सगळ्या पायऱ्या चढून मूर्ती आत पोचवली.

परत येऊन घाम पुसत डॉक्टर म्हणाले, “पुढच्या वर्षी नक्की या हं, मावशी.”



“येते की,” मावशी म्हणाली, “लाकडाची होऊन.”