डासाचं माहेर

"बघाच तुम्ही, त्या शेजारच्या कदमांच्या टायरांतलाच डास निघणार!" शेलार तणतणले. त्यांची मुलगी ईश्वरी डेंग्यूने दवाखान्यात होती. प्लेटलेट्स उतरतच होत्या.

आरोग्यसेविकेने ईश्वरीच्या रक्ताचा थेंब यंत्रात सोडला. चावलेला डास कुठल्या पाण्यात जन्मला, ते यंत्र शहराच्या नकाशावर दाखवत असे. तांबडी रेघ निघाली, कदमांचं अंगण ओलांडून शेलारांच्याच गच्चीवर थांबली.

तिथे चिमण्यांसाठी मातीचं भांडं होतं. ईश्वरी ते रोज भरायची. जुनं पाणी ओतून टाकायचं नाही, वरून भर घालायची, असं शेलारांनीच तिला बजावलं होतं.

त्यांनी भांडं पालथं केलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, चिमण्यांना पाणी घातलं का?"

"घातलं गं," शेलार म्हणाले.